उचकीवरचा बिंदू

सकाळी पोह्यांबरोबर लागलेली उचकी दहा वाजले तरी थांबेना, आणि श्रीधरपंत पाण्याला काही शिवेनात. आठ दिवसांपूर्वी ॲक्युप्रेशरचं पुस्तक आणून त्यांनी स्वतःवरच प्रयोग चालवले होते. गुण येतो की नाही, ते आज बायकोसमोर सिद्ध करायचंच, असा त्यांचा हट्ट.

"मनगटाखाली... उचक्... तीन बोटं," ते अंगठा रुतवत म्हणाले.

"अहो, कुणीतरी आठवण काढतंय. बरोबर नाव घेतलं की थांबेल," प्रेमलाबाई मटार सोलत म्हणाल्या. "नाशिकच्या वन्सं?"

"उचक्!"

"बजरंगभावजी?"

"उचक्!"

"मग तुमच्या ऑफिसातली ती शकू टायपिस्ट असेल!"

उचकी थांबली. मटार सोलणंही थांबलं.

"बघ! बिंदू सापडला!" श्रीधरपंत ओरडले.

"बिंदू सापडला, की शकू?"

श्रीधरपंतांनी अंगठा आणखी रुतवला. शकूला पाहून बारा वर्षं झाली होती हो! पण हे सांगावं तर विचारलंय कुणी, आणि न सांगावं तर लपवलं.

"अगं, देवाशपथ, अंगठ्यानं थांबली!"

"असं? मग परत लागू द्या. नाव न घेता थांबवून दाखवा." प्रेमलाबाईंनी कोरड्या पोळीला लसणीचा ठेचा फासून पुढे केला.

श्रीधरपंतांनी निमूट खाल्ला. नाक वाहिलं, डोळे वाहिले, पण मेली उचकी येईल तर शपथ!

"तिखटाला जोरच नाही," म्हणत प्रेमलाबाईंनी बोटभर ठेचा स्वतःच्या तोंडात टाकला. "उचक्!"

श्रीधरपंतांनी झडप घालून त्यांचं मनगट धरलं. ही उचकी अंगठ्यानं थांबली की आपण सुटलो! त्यांनी दाबलं, आणखी दाबलं. पस्तीस वर्षांचा संसार त्या तीन बोटांवर येऊन टेकला होता.

"उचक्! थांबत नाहीये हं... उचक्... समजलं मला काय ते!"

आता काय करावं? घाबरून श्रीधरपंतही नावं घ्यायला लागले. "तुझी आई?"

"उचक्!"

"समोरच्या मैनावहिनी?"

"उचक्!"

"तो... तुझ्या माहेरच्या गल्लीतला, पेटी वाजवायचा तो सर्जेराव?"

उचकी थांबली.

श्रीधरपंतांनी हळूच मान वर केली. प्रेमलाबाईंचे कान लाल झाले होते आणि त्या मटाराच्या शेंगांकडे टक लावून बघत होत्या.

"अहो," शेवटी त्याच म्हणाल्या, "अंगठा एवढ्यात काढू नका. बिंदू अगदी बरोबर लागलाय."