बेडूक बिचकतात

सातवी ‘ब’ला विज्ञान शिकवणारे सर हंगामी होते आणि वर्ग कायमचा वात्रट होता. सोमवारी मुख्याध्यापिकांनी सरांना खोलीत बोलावलं. “तुमच्या वर्गाचा गोंगाट इथपर्यंत येतो. शुक्रवारी मी तुमच्या तासाला बसणार आहे. तेव्हाही हेच असेल, तर पुढच्या सत्रात मी दुसरे सर बघते.”

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांच्या मेव्हण्याचं शोभेच्या माशांचं दुकान होतं. मंगळवारी सर तिथून एक काचेची टाकी उचलून थेट वर्गात आले. टाकीत तीन पाणबेडूक होते, अंगठ्याएवढे, जन्मभर पाण्यातच राहणारे आणि श्वासापुरते वर येणारे.

“दर दोन मिनिटांनी ते काय करतात ते वहीत लिहायचं,” सर म्हणाले आणि लगेच एक थाप ठोकून दिली, “पण हे महाभित्रे असतात. जरा आवाज झाला की बिचकतात, खाणं सोडतात. मरतातसुद्धा.”

वर्ग चिडीचूप झाला. सरांना स्वतःचं कौतुक वाटलं.

पण थाप मारावी ती बेतानं. बुधवारी मुलं बूट दाराबाहेर काढून आत आली. गुरुवारी चष्मेवाली मॉनिटर शिपाईकाकांकडे गेली, कारण शाळेची घंटा नेमकी सातवी ‘ब’च्या खिडकीशी टांगलेली होती. “काका, तुमच्या एका टोल्यात तीन जीव जातील.” काका मनाचे हळवे. त्यांनी घंटा बंद केली आणि वर्गावर्गांत जाऊन ते शिक्षकांच्या कानात “तास संपला” असं सांगू लागले. त्या दिवशी शाळा वीस मिनिटं उशिरा सुटली.

शुक्रवारी मुख्याध्यापिका शेवटच्या बाकावर येऊन बसल्या. सरांनी फळ्यावर खडू टेकवला आणि खडू करकरला. अडतीस बोटं ओठांवर गेली.

“सर, दोन नंबर बिचकला,” मॉनिटर कुजबुजली.

सर कुजबुजत शिकवू लागले, मग नुसते ओठ हलवू लागले आणि शेवटी हातवाऱ्यांवर आले. बेडूक पाय कसे मारतो हे दाखवताना त्यांचा गुडघा टेबलावर आपटला. कळ थेट मस्तकात गेली, पण त्यांनी चकार शब्द काढला नाही. एवढ्यात मुख्याध्यापिकांना शिंक आली. अडतीस माना मागे वळल्या आणि अडतीस पेन्सिली चालू लागल्या. बाई ओशाळल्या. दुसरी शिंक त्यांनी रुमालात जिरवली. थोड्या वेळानं काकांनी येऊन त्यांच्याच कानात तास संपल्याचं सांगितलं.

दाराबाहेर बाई सरांना म्हणाल्या, “एकवीस वर्षांत असा वर्ग पाहिला नाही. काय शिकवलंत ते कळलं नाही, पण तुमची नेमणूक पक्की समजा.”

सर चवड्यांवर चालत आत आले. “वाचलो रे,” ते कुजबुजले.

“मोठ्यानं बोला, सर,” मॉनिटर खणखणीत आवाजात म्हणाली. “त्यांना काही होत नाही. काल शाळा सुटल्यावर आम्ही डबे बडवून पाहिले. एकही हलला नाही.”

मेव्हण्याचं दुकान पत्रे ठोकणाऱ्याच्या शेजारी होतं, हे सरांना आत्ता आठवलं. “मग आज गप्प का बसलात?”

“तुमची नोकरी जाणार होती ना? शिपाईकाका म्हणाले.”

या वात्रटांनी आपल्यासाठी अख्खा तास जीभ आवरली, हे सरांच्या मनाला फार भिडलं.

“पण पक्की झाली ना?” मागून कुणीतरी विचारलं.

“झाली.”

एवढंच हवं होतं. चार दिवस कोंडलेला गोंगाट एकदम बाहेर पडला. बाकं वाजली, शिट्ट्या वाजल्या, खिडकीची तावदानं थरथरली. व्हरांड्यातली पावलं थांबली आणि परत फिरली. मुख्याध्यापिका दारात येऊन उभ्या राहिल्या.

“हे काय चाललंय?”

सरांची दातखीळ बसली. मॉनिटर वही घेऊन उठली. “प्रयोग चाललाय, बाई. आधी शांततेत बघायचं, मग गोंगाटात. सरांनीच सांगितलंय.”

बाईंनी टाकीकडे पाहिलं, मग सरांकडे. “आणि काय दिसलं?”

“बेडूक मजेत आहेत. सर बिचकलेत.”

“तेही लिहा,” बाई म्हणाल्या आणि हलक्या हातानं दार ओढून घेत निघून गेल्या.