गहाळ थेंब

वसतिगृहाचा नियम साधा होता: खोली ज्या स्थितीत ताब्यात मिळाली, त्याच स्थितीत परत करावी. नियमात वाईट काही नव्हतं. एका सत्रासाठी परदेशातल्या विद्यापीठात पोचल्या पोचल्या धाकटीने या नियमाखाली सही केली होती. आणि निघताना विमानतळावर बाबांनीही तिला जवळपास हेच सांगितलं होतं. "जशी जातेस तशी परत ये. मग पुढच्या शिक्षणाला बाहेर पाठवायचं बघू." बाबांना सही लागली नाही. नुसती मान डोलावली तरी भागलं.

धाकटी म्हणजे घरातलं शेंडेफळ. तिने घरी कधी बल्बसुद्धा बदलला नव्हता. बल्ब गेला की बाबा म्हणायचे, "मी बघतो," आणि बाबा बघेपर्यंत घरातल्यांना अर्धवट अंधारात जेवायची सवय होऊन जायची.

परदेशातल्या खोलीत बाबा नव्हते, दुरुस्ती विभाग होता. नळ गळत होता, टेबल डुगडुगत होतं, कपाटाचं दार एका बिजागरीवर लोंबत होतं आणि खिडकी पुरती मिटत नसल्याने थंडी आत मुक्कामालाच यायची. धाकटीने तक्रार केली. ताबडतोब उत्तर आलं की तक्रार मिळाली. दुसऱ्या तक्रारीला उत्तर आलं की पहिल्या तक्रारीचं उत्तर पाहावं. तिसऱ्या वेळी विभागाने उलट तिलाच विचारलं, आमच्या सेवेबद्दल आपण कितपत समाधानी आहात?

शेवटी एका रविवारी ती कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेली, एक पाना आणला, एक वायसर आणला आणि नळ खोलला. पाणी आधी छताला लागलं, मग तिला. मागचा मुख्य कॉक बंद करायचा असतो हे त्यानंतर कळलं. बऱ्याच झटापटीनंतर टपटप थांबली, आणि खोलीत अशी शांतता पसरली की धाकटी ओल्या कपड्यांनी पलंगावर बसून एकटीच हसत सुटली. बोर्डात नंबर आला होता तेव्हाही ती इतकी खूश झाली नव्हती. मग काय, हात थांबेनात. टेबलाखाली पाचर बसली, दाराला दुसरी बिजागरी आली, खिडकीची चौकट घासून गुळगुळीत झाली. सत्र संपत आलं तोवर शेजारच्या खोल्यांतून "जरा येऊन बघतेस का?" अशी बोलावणी यायला लागली होती. ती पाना घेऊन जायची आणि परत येताना शीळ घालायची. शीळ घालणं ही आणखी एक न नोंदवलेली सुधारणा होती.

निघायच्या आधी खोलीची तपासणी होती. तपासणीचा दाखला मिळाला की गुणपत्रक मिळणार होतं, आणि गुणपत्रक मिळालं तरच घरचं कॉलेज हे सत्र धरणार होतं. नाहीतर वर्ष वाया, आणि वर्ष वाया घालवलेल्या मुलीला पुढे कोण पाठवतंय? पण धाकटीला काळजी नव्हती. तिने खोली आरशासारखी लख्ख केली आणि दार उघडून उभी राहिली.

निरीक्षक सभ्य माणूस होता. बूट बाहेर पुसून आत आला. त्याच्या हातातल्या टॅबवर खोलीचे जुने फोटो होते. एकदा फोटोकडे आणि एकदा खोलीकडे बघत तो नळापाशी थांबला.

"या खोलीत नळ गळतो," तो म्हणाला.

"गळायचा. मी दुरुस्त केला." शाबासकी मिळेल म्हणून धाकटी जरा पुढे सरकली.

निरीक्षकाने दोन बोटांनी फोटो मोठा केला. "नळाच्या टोकाला इथे एक थेंब आहे. दिसतो?"

"दिसतो."

"तो सध्या कुठे आहे?"

धाकटीने नळाकडे पाहिलं, मग बेसिनमध्येही पाहिलं. "आता नाहीये तो."

"गहाळ," निरीक्षक म्हणाला आणि त्याने तशी नोंद केली. मग टेबलाचं डुगडुगणं गहाळ निघालं, दाराचं लोंबणं गहाळ निघालं, आणि खिडकीतून येणारा वारा कोणत्याही परवानगीशिवाय बंद करण्यात आल्याचं उघडकीस आलं.

"अहो, पण खोली आधीपेक्षा चांगली झालीय ना?"

"चांगली की वाईट, हे ठरवायचा मला अधिकार नाही. मी फक्त फरक बघतो." त्याच्या आवाजात राग नव्हता, हेच जास्त भीतिदायक होतं. "तुमच्यानंतर जी विद्यार्थिनी येणार आहे, तिने गळका नळ मान्य असल्याची सही आधीच पाठवली आहे. तिला न गळणारा नळ दिला तर आमच्याकडून फसवणूक होईल. शिवाय तुमची नळाची तक्रार अजून प्रलंबित आहे. नळ गळतच नसेल तर तक्रार खोटी ठरते, आणि खोट्या तक्रारीवर शिस्तपालन समिती बसते."

"किती वेळ बसते?"

"बसल्यावर ती उठल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. तुम्ही असं करा, खोली होती तशी करून ठेवा. मी उद्या सकाळी येतो."

धाकटी तडक दुरुस्ती विभागात गेली. खिडकीमागच्या बाई चष्मा पुसत होत्या.

"माझा नळ बिघडवून हवा आहे," धाकटी म्हणाली.

"आम्ही दुरुस्ती करतो. बिघाड आमच्याकडे येत नाही."

"पण दुरुस्तीलाही तुम्ही कधी आला नाहीत!"

"कसे येणार? कामाचा ताण केवढा आहे. इतक्या तक्रारी पडून आहेत, त्यांची उत्तरं कोण देणार?" बाईंनी चष्मा चढवला आणि धाकटीला नीट न्याहाळलं. "नळ तुम्ही स्वतः दुरुस्त केलात? अहो, सगळेच असं करायला लागले तर हा विभाग कशासाठी आहे, असं कोणीतरी विचारेल ना!"

असं विचारणारं कोणी अजून जन्माला आलेलं नव्हतं, म्हणून विभाग सुखात होता. धाकटी हात हलवत परत आली. तेवढ्यात आईचा फोन.

"झाली का बांधाबांध? तुझा आवाज का ग वेगळा येतोय?"

"फोनचा असेल."

"हां. आत्या सारखी विचारतेय, पोरगी होती तशीच आहे ना? म्हटलं, आहे हो. तिकडे जाऊन डोक्यात वारं शिरतं म्हणे पोरींच्या. बाबाही म्हणत होते, आल्यावर आधी बघू आणि मग पुढच्या शिक्षणाचं ठरवू."

"तशीच आहे ग मी," धाकटी म्हणाली आणि पाना शोधायला लागली.

बिघडवणं सोपं असतं, असं म्हणणाऱ्यांनी कधी मापात बिघडवून पाहिलेलं नसतं. टेबलाची पाचर काढली की झालं, बिजागरीचे स्क्रू काढले की दार आपसूक लोंबलं. खिडकीसाठी मात्र घासून काढलेलं लाकूड परत आणायचं कुठून? तिने चौकटीवर रंगाचे थरावर थर चढवले, तेव्हा कुठे खिडकी अडली. नळाने मात्र तिला घाम फोडला. वायसरला चाकूने खाच पाडली, तर नळ धो धो वाहायला लागला. सकाळी आलेल्या निरीक्षकाने मान हलवली.

"हा गळत नाही, वाहतो. फोटोत थेंब आहे, धार नाही. दुपारपर्यंत वेळ देतो."

संध्याकाळचं विमान होतं. धाकटीने नवा वायसर आणला आणि केसाएवढी खाच पाडली. मग कान देऊन ऐकलं, पुन्हा खोललं, पुन्हा बसवलं. आपण किती शिकलो आहोत, हे तिला त्या सकाळी खरं कळलं, कारण ते सगळं वापरूनच काही न शिकल्यासारखं दाखवायचं होतं. अखेर नळाच्या टोकाशी एक थेंब जमला, जरा लटकला आणि टप्पकन पडला. ये रे माझ्या मागल्या! काम फत्ते झालं होतं. ज्या रविवारी ती पलंगावर हसत बसली होती, तो तिने स्वतःच्या हाताने पुसून टाकला होता.

निरीक्षकाने टॅब नळाशेजारी धरला आणि थेंबाची वाट पाहिली. थेंब आला. निरीक्षकाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान दिसलं. त्याने दाखल्यावर शेरा लिहिला: "विद्यार्थिनीने आपल्या वास्तव्याचा कोणताही परिणाम मागे ठेवलेला नाही. वर्तणूक आदर्श."

ती बॅग ओढत बाहेर पडत होती, तोच जिन्यात हत्यारांची पेटी घेतलेला एक माणूस भेटला. "नळाची तक्रार इथलीच ना?" तो आत गेला, नळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "गळतोय खरा. वायसर मागवावा लागेल." आणि निघून गेला.

घरी दार आईने उघडलं आणि तिला आधी पोटाशी धरलं. मग जरा लांब करून डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "वाळलीस ग." आत्या सोफ्यावर बसलीच होती. तिने मोबाइलवर धाकटीचा निघतानाचा विमानतळावरचा फोटो उघडला. एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा धाकटीकडे. आत्या काय करते आहे, हे धाकटीला बरोबर ओळखता आलं. ती फोटोतल्यासारखी उभी राहिली. ओठांवर येऊ घातलेली शीळ तिने वेळीच गिळली.

सगळे जेवायला बसले आणि स्वयंपाकघरातून आवाज आला. टप. टप. घरचा नळ. धाकटीला आठवतं तेव्हापासून तो गळत होता आणि त्याच्याखाली बादली होती. इतकी वर्षं तो तिला ऐकूच आला नव्हता. आता दुसरं काही ऐकू येईना. पाना बॅगेत वरच होता. ती नकळत उठली.

"कुठे निघालीस?" बाबांनी विचारलं.

"नळ..."

"राहू दे, मी बघतो. तुला काय कळतंय त्यातलं?"

आत्याने जेवता जेवता मान वर केली. आईचा वाढता हात थांबला. केसाएवढी खाच पाडायला जेवढा वेळ लागतो तेवढाच धाकटीने घेतला.

"मला कसलं कळतंय, बाबा!" ती म्हणाली, जायच्या आधी हसायची अगदी तशी हसली आणि खाली बसली.

"दादा," आत्या समाधानाने म्हणाली, "इतके महिने परदेशी राहून आली, पण पोरगी काडीचीही बदलली नाही हो!"

बाबांची छाती फुगली. "आपल्या घरचं वळण आहे ते. बघू, पुढच्या वर्षी पाठवू या तिला."

घरचाही दाखला मिळाला. पुढच्या आठवड्यात शेजारी आले, नातेवाईक आले, बाबांच्या ऑफिसातले आले. चहा घेता घेता प्रत्येकाने तेच वाक्य म्हटलं, आणि दर वेळी आतून नळाने टपटप साथ दिली.

तुम्ही आला असतात तर तुम्हीही तेच म्हणाला असतात, आणि कौतुकाने म्हणाला असतात. त्यात वाईट काही नाही. फक्त आज घरी तुमचा नळ गळताना ऐकू आला, आणि हल्ली कामाला माणूसच मिळत नाही म्हणून तुम्ही कुरकुर करायला लागलात, तर शेजारच्या ताटावर कोण जेवतंय तेवढं बघा. ती मान वर करणार नाही. तिला माहीत आहे, तुम्ही फक्त फरक बघता.