अर्ध्या गुच्छाचे श्रावणजी

श्रावणजी फुलांचा गुच्छ अर्धाच बांधत. अर्धा म्हणजे लहान नव्हे. पुढून गुलाब गच्च भरलेले, आणि मागून नुसती बांबूची कामटी. सत्काराला पाहुणे हसून गुच्छ घेत आणि फुलांची बाजू छातीशी धरत, की गुच्छाचं टक्कल साऱ्या सभेला दिसे.

छप्पन साली राजधानी भोपाळला ठरली आणि आम्ही कारकून नागपूरहून फायलींबरोबर इकडे आलो. मागोमाग श्रावणजी. नागपूरला कचेरीचे हारगुच्छ तीन पिढ्या त्यांच्या घरचे. गिऱ्हाईक जिथं गेलं तिथं आपण जायचं, एवढा साधा हिशेब. आमच्या क्वार्टरांमागच्या काळ्या जमिनीत त्यांनी गुलाब लावले.

कचेरीतल्या सत्कारांची व्यवस्था माझ्याकडे होती. आमच्या घराण्यातला पहिला बी. ए. मी; वडील अंगठा उठवत. बोलणी खायची मला सवय नव्हती. साहेबांनी एकदा विचारलं, अर्धी फुलं घरी नेतोस काय, तेव्हा मी तडक श्रावणजींकडे गेलो आणि नको ते बोललो. त्यांनी कात्री पुसून बाजूला ठेवली.

"ते बाजू माही नाही जी," म्हणाले. "तिची हाय."

ती म्हणजे त्यांची बायको, कौसाबाई. ओल्या वाळूच्या कुंडीत कामटी खोचायची, दोघांनी समोरासमोर बसायचं, आपापल्या पुढची बाजू भरायची. केळीच्या सोपाचा दोरा यांच्या हातातून तिच्या हातात, तिथून परत. लग्न झाल्यापासून हेच. दुसरी बाजू यांनी कधी भरलीच नव्हती. मी म्हटलं, मग कुंडी फिरवा की. त्यावर त्यांनी असं पाहिलं की मी बी. ए. आहे याची मलाच शंका आली.

कौसाबाई नागपूरचा बगिचा सोडून येईनात. श्रावणजी सांगत आणि त्यांना पत्रं मी लिही. तब्येतीचं एक वाक्य, बाकी सगळं खत आणि पाणी. शेवटी मात्र दर वेळी, गुच्छ अर्धा राहतो. उत्तर येई, शेवंती संपू द्या. मग, गुलछडीचे कंद पोसू द्या, ते घेतल्याशिवाय मी येत नाही. श्रावणजींनी कंदांसाठी वाफे खणून ठेवले आणि कुंडीपलीकडे एक पोतं अंथरलं. त्यावर मी एकदा टेकलो.

"बीए बाबू, उठा जी. तिची जागा हाय."

अशी दोन वर्षं गेली. मग पाडव्याला येते असं पत्र आलं. ते त्यांनी मला तीनदा वाचायला लावलं. त्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून ते स्टेशनवर उभे, हातात गुच्छ. अर्धाच. मी सोबत होतो.

गाडीतून कौसाबाईंचा भाऊ उतरला. डोक्यावर कंदांचं पोतं. ते खाली ठेवलं आणि तो रडायला लागला. कंद तिनंच काढून, वाळवून बांधले होते. मग ताप आला आणि चार दिवसांत सगळं संपलं. हे तारेनं कसं कळवू, म्हणून तो स्वतः आला होता.

श्रावणजींनी पोत्याचं तोंड सोडलं. एक कंद बोटांनी दाबून पाहिला.

"चांगले वाळवले," म्हणाले.

महिन्याभरानं पुन्हा एक सत्कार आला. मी फुलं दुसरीकडून आणणार होतो. त्यांनी नको म्हणून कळवलं. गुच्छ न्यायला गेलो तर श्रावणजी आपल्या जागी बसून फुलं लावत होते. दोन गुलाब लावून झाले की दोरा हातात धरून उठत, गुडघ्यावर हात टेकत पलीकडे जात, तिच्यासाठी अंथरलेल्या पोत्यावर बसत, दोन गुलाब तिकडून लावत. मग उठून परत आपल्या जागी. कुंडी त्यांनी फिरवली नाही. मी दारातच उभा राहिलो.

कचेरीत साहेबांनी गुच्छ चारी बाजूंनी फिरवून पाहिला. खूश झाले.

"चलो, आखिर सीख गया तुम्हारा माली."

मी होय म्हटलं.