दिघेकाकांची चार पानं

दिघेकाका कुणाकडेही गेले की आधी तिथलं लाकूड वाजवून बघतात. दार, कपाट, जेवणाचं टेबल. बोटाच्या पेरानं टकटक करायचं आणि कान लावायचा. माझे सासरे गेले तेव्हा सांत्वनाला आले आणि ज्या पलंगावर सासरे वारले तोच वाजवून म्हणाले, "सूनबाई, जुनं सागवान आहे. कबाड्याला देऊ नकोस. दोन बास निघतील." मी रडायची थांबले ती संतापानं.

सासरे आणि काका इथल्या, भोपाळच्या कारखान्यात एकत्र होते. काका पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे लोखंड ओतायच्या साच्यांसाठी लाकडी नमुने करायचे. रिटायर झाल्यावर अवधपुरीत आमच्या शेजारी आले आणि गाडी नसलेल्या गॅरेजमध्ये बास गिटार घडवत बसले. बास म्हणजे चार जाड तारांची गिटार. "कुणाला ऐकू येत नाही, पण काढून घेतली की गाणं लंगडतं," काका सांगतात. विचारलं नाही तरी सांगतात.

त्यांचं वैर एका मासिकाशी. मुंबईहून निघतं, इंग्रजी, संगीताचं. दरवर्षी हातानं बास घडवणाऱ्या छोट्या कारागिरांवर त्यात पुरवणी असते. ती आली की काका कुंपणावरून हाक मारणार. "ये, बघ! याच्या दाढीवर अर्धं पान, कुत्र्यावर पाव. अरे भाई, सांधा कसा केलाय ते कोण लिहिणार?" तरी वर्गणी कधी चुकली नाही, आणि संपादकांना आपल्या कामाचे फोटो पाठवणंही. उत्तर कधीच नाही. इतका हाडाचा कारागीर, आणि या कुत्रेवाल्यांची मनधरणी!

"एवढं काय आहे त्या मासिकात?" एकदा चिडून विचारलं.

"निखिल वाचतो," ते म्हणाले.

निखिल त्यांचा मुलगा, बंगळूरला असतो. काकांनी पहिला बास त्याच्यासाठी केला होता, तो कॉलेजात असताना. स्टेजवर तो बेसूर वाजला, लोक हसले. निखिल म्हणाला, गिटार चुकलीय. काका सगळ्यांदेखत म्हणाले, "माझा हात चुकत नाही. तुझे कान फुटलेत." पोरानं वाजवणं सोडलं, मग घर. काकू होत्या तोवर त्यांच्याशी बोलायचा. मासिक अजून घेतो, एवढं त्यांच्याकडूनच कळलेलं. काकांचा फोन उचलत नाही. पत्रं परत येतात.

यंदा एकदाची मासिकाची मुलगी आली, कॅमेरावाल्यासकट. पोहे मीच केले. काकांनी तिला कारखान्यातली जुनी पट्टी दाखवली. "लिहून घे, बेटा. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं. म्हणून आमच्या पट्टीवरचा इंच खऱ्या इंचाहून जरा मोठा असतो. हाताला तीच सवय. पोराच्या गिटारीवर सुरांच्या पडद्यांच्या खुणा मी या पट्टीनं केल्या, आणि तारा अडकवायची जागा बाजारातल्या टेपनं मोजली. मग सूर कुठून लागणार? मला कळलं तोवर तो गेला होता. एवढं छाप. बाकी काही नाही छापलं तरी चालेल."

"पक्का, अंकल," ती म्हणाली. मग काकांना गाडीत घालून तलावावर नेलं आणि मावळत्या सूर्यासमोर गिटार देऊन उभं केलं. अवधपुरी कुठे, तलाव कुठे!

अंक आला. चार पानं. तलाव, सूर्य, काकांचे सुरकुतलेले हात. माझ्या पोह्यांवरसुद्धा दोन ओळी. पट्टीबद्दल एक अक्षर नाही. मी मासिकाच्या त्या मुलीला फोन लावला. "जगह कम पड़ गई, आंटी. और वो पार्ट थोड़ा सैड हो रहा था." त्यावर मी तिला काय म्हणाले ते इथे छापता यायचं नाही.

काकांनी चारही पानं दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा. शिव्या दिल्या नाहीत. तेच मला सहन झालं नाही.

"सूनबाई, तू आपल्या मराठी मंडळाच्या अंकात लिहितेस ना?"

"काका, आपला अंक भोपाळबाहेरसुद्धा जात नाही हो."

"जाईल तिथवर जाऊ दे."

म्हणून लिहिते आहे. निखिल, गिटारच चुकली होती. तुझे कान बरोबर होते. हे तुझ्या बाबांनी कबूल केलंय, मी समोर होते.