तीन वाजेपर्यंतची पँट

कारखान्याच्या धुलाई यंत्रात इतके पर्याय होते, की सगळे उलटसुलट जुळवून तपासायचे तर वेंडेलला सूर्य विझेपर्यंत निवृत्ती मिळाली नसती. म्हणून कुठलेही दोन पर्याय एकदा तरी एकत्र येतील, अशी मोजकीच यंत्रे निवडून तो तपासत असे. "भांडण दोघांतच होतं," तो म्हणे. बिचारा अविवाहित होता. घरात तिसरे माणूस आले की काय होते, याची त्याला कल्पना नव्हती.

आज यंत्रांच्या खरेदीवर सही करायला क्नीपसाहेब आले होते. माग्डेबुर्ग शहरातल्या भाड्याच्या निम्म्या इमारती त्यांच्या हाताखाली. सही झाली नाही, तर कारखान्याच्या मालकीण ब्रांडहोर्स्टबाई तपासणी विभाग बंद करणार होत्या. विभाग म्हणजे एकटा वेंडेल. पाहुण्यांपुढे कप ठेवताना तो कलंडला आणि कॉफी थेट क्नीपसाहेबांच्या पँटवर सांडली.

"काढा," बाई म्हणाल्या.

"अहो, पण..."

"आमच्याकडे यंत्रांना काय तोटा!"

प्रयोगशाळेचा डगला गुंडाळून क्नीप म्हणाले, "मग आमच्याकडे लावतात तसंच लावा. पोरांसाठी दाराला कुलूप. एक ते तीन दुपारची शांतता, तेव्हा यंत्राचा आवाज नको. शिवाय वीजबचत."

दीड वाजता पँट धुऊन झाली. दार उघडेना.

वेंडेलचा चेहरा पांढरा पडला. "धुणं संपल्याचा इशारा झाल्याशिवाय कुलूप सुटत नाही. शांततेत शिट्टी बंद, म्हणून दिवा लागतो."

"मग दिवा कुठाय?"

"वीजबचतीत दिवाही बंद."

"तुम्ही तपासलं नाहीत?" बाई कडाडल्या.

"दोन-दोन तपासले, बाई. प्रत्येक जोडी सुखानं नांदते."

"अहो, या गावात हे तिन्ही सगळेच घेतात!"

"प्लग उपटा," क्नीप म्हणाले.

"कुलूप तरीही सुटत नाही. पोरं प्लग उपटतात ना, म्हणून."

मग तिघे तीन वाजायची वाट बघत बसले. क्नीप गुडघे जुळवून आलुबुखाऱ्याचा केक खात राहिले. वेंडेल मनातल्या मनात टेबलाचे खण रिकामे करू लागला.

तीनला शिट्टी झाली, दार सुटले. सांत्वनाला आल्यासारखा चेहरा करून वेंडेलने पँट पुढे केली.

ओली पँट चढवत क्नीप म्हणाले, "दुपारी दोनला लोक तळघरातून कपडे आणायला जिने दणाणून सोडतात. तक्रारी ऐकून माझे कान किटलेत. इथं तीनपर्यंत दारच उघडत नाही! सही कुठं करू?"

बाई खुलल्या. "वेंडेल, तुमची नोकरी पक्की!"

"फक्त काहीजण कुरकुरतील," क्नीप म्हणाले. "त्यांच्यासाठी हे बंद करायचा एक पर्याय ठेवा."

"एकच ना? ठेवतो की!" बाई म्हणाल्या.

एका पर्यायाने यंत्राचे प्रकार दुप्पट होतात, हे त्या खोलीत एकालाच ठाऊक होते. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले.

"बघा," बाई क्नीपना हळूच म्हणाल्या, "नोकरी टिकली म्हणून रडतोय बिचारा."