धवलाबाईंची बंद खिडकी

एका जंगलात, जिथे झाडं कमी होत चालली होती आणि टाइल्स वाढत चालल्या होत्या, सशांचं एक कुटुंब राहत होतं. आई धवलाबाई, बाबा कापूसराव आणि त्यांची लग्नाची मुलगी जुई.

सशांना टाइल्स कशाला, असं विचारू नका. तुम्हाला तरी कशाला लागतात? गप ऐका.

त्या सशांची एक रीत होती. पाहुणा दारात आला की आधी त्याला पाय धुवायला न्हाणीघरात न्यायचं. म्हणजे पाहुण्याला घरातलं पहिलं काय दिसणार, तर न्हाणीघर. बाकीचं बीळ कसंही असो, न्हाणीघर पांढरंशुभ्र पाहिजे. घराण्याची अब्रू तिथेच टांगलेली असायची, पंच्याच्या शेजारी.

धवलाबाईंच्या न्हाणीघरात भिंत आणि फरशी यांच्यामधल्या फटीत सिलिकॉन भरलेलं होतं. रबरासारखी मऊ, पांढरी पट्टी. पाणी भिंतीत मुरू नये म्हणून. एक दिवस त्या पट्टीवर काळे ठिपके दिसले. बुरशी!

धवलाबाईंनी पहिलं काम काय केलं असेल? घासली? छे! त्यांनी खिडकी लावून घेतली. समोरच्या बिळात घूसमावशी राहायच्या, आणि त्यांना दुसऱ्याच्या घरात डोकवायची भारी हौस.

खिडकी लावली, वाफ आत कोंडली, ठिपके वाढले. ठिपके वाढले म्हणून धवलाबाईंनी कडी घातली आणि वरून पडदा लावला. मग ठिपके आणखी वाढले. कळतंय ना काय झालं? त्यांना नाही कळलं.

मग सुरू झाली घासाघाशी. लिंबू झालं, सोडा झाला, ब्लीच झालं. एका जुन्या टूथब्रशनं धवलाबाईंनी कोपरा न् कोपरा घासला. तो जुना नव्हता, हे कापूसरावांना दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना कळलं.

बुरशी दोन दिवस जायची आणि माहेरी आल्यासारखी परत यायची.

इकडे जुईला शिंका सुरू झाल्या. आंघोळीला गेली की तिची छाती घरघरायची. ती बिचारी नाक धरून दोन तांबे अंगावर घ्यायची आणि बाहेर पळायची.

"आई, ही पट्टीच कापून काढू या," ती म्हणाली. "खिडकी उघडून सगळं खडखडीत वाळू दे. मग नवीन भरू."

"आणि तोवर घूसमावशीनं बघितलं म्हणजे? तुझं लग्न व्हायचंय, जुई!"

"अगं, पण मला श्वास घेता येत नाहीये."

"लग्न झालं की येईल."

शेवटी कापूसरावांनी बाजारातून सिलिकॉनची ट्यूब आणली आणि जुन्या पट्टीवरच नवा थर दिला. काळ्यावर पांढरं. धवलाबाई खूश. महिन्याभरात पांढऱ्यावर काळं आलं. कापूसरावांनी आणखी एक थर दिला. असं करता करता ती पट्टी शेताच्या बांधाएवढी झाली. आंघोळीचं पाणी अडून राहायला लागलं आणि बुरशीची चांगलीच सोय झाली.

एवढ्यात पलीकडच्या टेकडीवरून जुईला स्थळ सांगून आलं. मुलाचं नाव कुंद. जुईनं हुंडा-मानपान काही विचारलं नाही. तिची एकच अट होती. ज्या घरात न्हाणीघराला खिडकी असेल, त्याच घरात ती जाणार.

पाहुणे आले. मुलाची आई तगरबाई रीतीप्रमाणे पाय धुवायला आत गेल्या. दार लागलं. ते काही लवकर उघडेना. धवलाबाईंचे कान पार खाली आले. जुई मात्र मनातल्या मनात म्हणत होती, यांनी एकदा सगळ्यांसमोर विचारावं, खिडकी का बंद आहे म्हणून. कुणीतरी विचारा हो!

तगरबाई बाहेर आल्या. धवलाबाईंना कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणाल्या,

"विहीणबाई, तुम्ही कुठल्या कंपनीचं लावता? आमच्याकडे वरून कितीही थर दिले तरी मेलं परत वर येतं हो!"

धवलाबाईंना रडूच फुटलं. इतक्या दिवसांत मनातलं बोलायला कुणी भेटलंच नव्हतं. दोघी गळ्यात पडल्या.

तिकडे अंगणात जुईनं कुंदला विचारलं, "तुमच्या न्हाणीघराला खिडकी आहे?"

"आहे ना. चांगली मोठी आहे. डोंगराकडे तोंड आहे तिचं."

जुई लाजली. लग्न ठरलं, झालं, वाजलं.

सासरी पोचल्या पोचल्या जुई पाय धुवायला गेली. खिडकी खरंच मोठी होती. कुंद खोटं बोलला नव्हता. फक्त तिला चारही बाजूंनी खिळे ठोकले होते.

"समोर मुंगसं राहतात," तगरबाई म्हणाल्या. "बघतात मेली."

जुईला जोरात शिंक आली.

"अगंबाई, शिंकतेस होय? मग आमच्यातलीच की तू! आमच्याकडे सगळेच शिंकतात."

जुई बराच वेळ त्या खिळ्यांकडे बघत राहिली. मला इथे दर वेळी वाटतं, आता ही हातोडी मागेल. पण नाही मागत. तिनं आपली ट्रंक उघडली. पाठवणी करताना आईनं साडीच्या घडीत एक ट्यूब ठेवली होती. ती घेऊन जुई खाली बसली आणि शिंकत शिंकत जुन्या थरावर नवा थर देऊ लागली.

"सोन्यासारखी सून मिळाली," तगरबाईंनी डोळे पुसले.

तात्पर्य: घरात हवा खेळती ठेवावी, असं तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. ते विसरा. आपल्या एकट्याच्या घरात असते ती बुरशी. सगळ्यांच्या घरात असते ती रीत, आणि रीत कुणी घासत बसत नाही. चला, गोष्ट संपली. जाताना ती खिडकी तेवढी लावून घ्या, समोरचे बघतायत.