लांडग्याच्या वंशजांचा आहार

कुत्र्याचं हित कशात आहे, हे कुत्रा सोडून सगळ्यांना कळतं. पाणीपुरवठा खात्यातल्या साहेबांना तर ते जरा जास्तच कळलं होतं, कारण जेवणाच्या सुट्टीत त्यांनी त्यावरचा एक व्हिडिओ अखेरपर्यंत पाहिला होता. कुत्रा मूळचा लांडगा. लांडग्याकडे गॅस नव्हता. सबब, शिजवलेलं अन्न हा कुत्र्यावर पिढ्यान्‌पिढ्या होत आलेला अन्याय. साहेबांनी तो त्याच संध्याकाळपासून दूर करायला घेतला.

फ्रिजचे वरचे कप्पे तातडीने मांसाकडे वर्ग झाले. दुधाची बदली खिडकीत झाली. (तिथे ते रुजू होताच नासलं.) लांडगे हाडंही खातात, हे साहेबांना तत्त्वतः मान्य होतं, पण गालिच्यावर हाड दिसलं तर घर सोडून जाईन, असं बायकोने कळवल्यामुळे बिनहाडाचं मांस मंजूर झालं.

योजनेला घरातल्या पन्नास टक्के कुत्र्यांचा, म्हणजे पिल्लाचा, पाठिंबा मिळाला. म्हाताऱ्या कुत्र्याने आपला तुकडा हुंगला, अदबीने उचलला आणि सोफ्याच्या उशीमागे दडवून ठेवला.

"अरे, ढग गडगडले की हा माझ्या पांघरुणात शिरतो," साहेबांची आई म्हणाली. "हा कसला लांडगा?"

"आई, तुला त्यातलं शास्त्र नाही कळायचं."

आईने वाद घातला नाही. ती म्हाताऱ्याला गुपचूप स्वयंपाकघरात बोलावून त्याचं जुनं जेवण शिजवून घालू लागली. त्याची तुकतुकी पाहून साहेब ऑफिसात सांगत, "बघा, कच्च्या आहाराचा प्रताप!"

पिल्लू बिचारं नियमाने वागत होतं. एका सकाळी ते साहेबांच्या चपलेवर झेप घ्यायला निघालं आणि वाटेतच बसलं. उठेना. मागचा पाय टेकला की केकाटे. ऑफिसला न कळवताच साहेब पिल्लाला टॉवेलात गुंडाळून दवाखान्यात धावले.

"काय घालता खायला?" एक्स-रे पाहत डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नैसर्गिक आहार. नुसतं मांस."

"हाडं नाहीत, कॅल्शियम नाही? अहो, वाढतं पिल्लू आहे हे! हाडं कागदासारखी झालीत त्याची. कुणाला विचारून केलंत?"

"दोन लाख लोकांनी पाहिलाय तो व्हिडिओ," साहेब पुटपुटले.

"त्यांतले कुत्रे किती?"

साहेबांकडे आकडेवारी उपलब्ध नव्हती.

पिल्लाला सक्तीची विश्रांती मिळाली आणि बाईंनी ठरवून दिलेलं जेवण. साहेब रोज जमिनीवर बसून ते त्याला हाताने भरवत. आई खोलीत आली की चष्मा पुसायला घेत. सावकाश का होईना, पिल्लू पुन्हा पळू लागलं.

आता साहेबांना अवश्य हसा. फक्त आज उठल्याउठल्या उपाशीपोटी, नाक दाबून, तुम्ही जे ग्लासभर प्यायलात ते कुणी सांगितलं होतं, तेवढं आठवून बघा. पिल्लाला निदान दुसरा इलाज नव्हता.